मोहल्ला समिती पुन्हा उभी करायची असेल तर

नदीकाठ

आमच्या तालुक्याच्या गावात पोलीस ठाण्याने शांतता समितीची नवी यादी करायला घेतली आहे. जुन्या यादीत तेच ते चेहरे होते: माजी नगरसेवक, व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, मशिदीचे विश्वस्त, मोठ्या मंडळांचे अध्यक्ष. ही मंडळी गणपती, ईद आणि शिवजयंतीच्या आधी ठाण्यात जमत, सलोख्याच्या परंपरेवर भाषणे होत, फोटो निघे आणि पुढच्या सणापर्यंत कोणी कोणाला भेटत नसे. गेल्या पावसाळ्यात एका मुलाच्या मोबाइल स्टेटसवरून बाजारपेठ बंद पडली, तेव्हा या यादीतील एकही माणूस वेळेवर चौकात पोहोचला नाही. पोहोचला असता तरी जमावातील मुलांनी त्याचे ऐकले असते असे मला वाटत नाही, कारण त्यांच्या रोजच्या जगण्यात तो कुठेच नव्हता.

म्हणून आम्ही काही जण भिवंडीचा अनुभव समजून घेत आहोत. १९७० आणि १९८४ अशा दोन भीषण दंगली या यंत्रमागाच्या शहराने पाहिल्या. १९७० च्या दंगलीची सुरुवात शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून झाली आणि तिच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमावा लागला. मे १९८४ मध्ये भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून शेकडो माणसे मारली गेली. त्यानंतर १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या सुरू केल्या. शहरभर अशा सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हे आपोआप घडले असे म्हणणे कठीण आहे, कारण दंगल पेटण्यासाठी लागणारे सगळे काही तेथे होते: दाट वस्ती, बाहेरून आलेले कामगार, जुन्या जखमा आणि सूडाची आठवण.

या समित्यांचे वेगळेपण मला तीन गोष्टींत दिसते आणि त्यातील पहिली सर्वांत महत्त्वाची वाटते. खोपडे यांनी प्रतिष्ठितांना जवळजवळ बाजूला ठेवून रिक्षावाले, माग चालवणारे, दुकानदार, शिक्षक अशा साध्या माणसांना आणि दोन्ही समाजांच्या लोकांना बरोबरीने समितीत घेतले. पुढारी तणावाच्या काळात स्वतःच्या मतदारांकडे पाहतो, तर गल्लीतला माणूस स्वतःच्या दाराकडे पाहतो, हा त्यामागचा हिशेब होता. दुसरे असे, की प्रत्येक समिती एका पोलीस बीटशी, म्हणजे ठाण्याच्या हद्दीतील गस्तीच्या एका छोट्या भागाशी, जोडलेली होती, त्यामुळे तिची जबाबदारी खालच्या पायरीवरच्या पोलिसावर आली आणि एरवी फक्त हुकूम ऐकणाऱ्या त्या माणसाला वस्तीत नाव आणि मान मिळाला. तिसरे म्हणजे बैठका दंगलीविषयी नसत. त्या नळ, गटार, भाडेकरू, नवरा-बायकोचे भांडण आणि मुलांच्या उनाडक्या यांविषयी असत.

अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील दंगलग्रस्त आणि शांत शहरांच्या जोड्या लावून केलेल्या अभ्यासाचे सूत्र याच्याशी जुळते. जेथे दोन समाजांतील माणसे संघटना, व्यवसाय आणि संस्थांमधून एकत्र बांधलेली असतात, तेथे अफवा पसरण्याआधी ती तपासली जाते. नुसत्या शेजारधर्मावर लहान गाव तग धरते; मोठ्या शहराला मात्र बांधलेली संघटना लागते.

माझा प्रश्न असा आहे की आज, जेव्हा अफवा गल्लीतून येत नसून शेकडो किलोमीटरवरून थेट मुलाच्या हातात येते, तेव्हा अशी समिती कशी बांधावी? ज्यांनी हे काम जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

धोटा

माझे बालपण भिवंडीत गेले आणि वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे या विषयावर लिहिणे मला कर्तव्य वाटते. आमच्या गल्लीच्या समितीची बैठक एका कारखान्याच्या मोकळ्या जागेत, पाळी बदलण्याच्या वेळी होत असे, कारण त्याच वेळी दोन्ही पाळ्यांचे कामगार हाताशी असत. खुर्च्या नसत. सतरंजीवर हवालदारही बसे आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवत असे. लहान असताना मला त्याचेच फार अप्रूप वाटे, कारण त्याआधी पोलीस आमच्याकडे येई तो काठी घेऊन उभा असलेला.

एक प्रसंग माझ्या डोळ्यांसमोर आहे. सार्वजनिक नळावर दोन बायकांचे भांडण झाले, हंडा लागून एकीचे कपाळ फुटले आणि त्या वेगवेगळ्या धर्मांच्या असल्याने संध्याकाळपर्यंत दोन्हीकडची पोरे कोपऱ्यावर जमू लागली. पूर्वी असे झाले असते तर ठाण्यात परस्परांविरुद्ध एन.सी. (अदखलपात्र तक्रारी) नोंदल्या गेल्या असत्या आणि भांडण महिनोन्महिने धुमसत राहिले असते. त्या दिवशी हवालदाराने जखमी बाईला आधी दवाखान्यात नेले, तक्रार द्यायची असल्यास ती घेतली जाईल असे सर्वांसमोर सांगितले आणि रात्री बैठक बोलावली. बैठकीत निघाले असे की नळाला पाणी येण्याची वेळ पालिकेने बदलली होती आणि ते एका बाजूच्या घरांना कळलेच नव्हते. समितीतील एका टेलरने वेळेचा कागद लिहून नळाजवळ चिकटवला. त्या बाईने तक्रार दिली नाही, पण ती द्यायची की नाही हे तिने ठरवले, कोणी तिला गप्प बसवले नाही.

६ डिसेंबर १९९२ नंतरच्या रात्री हीच माणसे गल्लीच्या तोंडाशी जागत बसली. त्यांना एकमेकांची नावे, घरे आणि कोणाचा मुलगा लवकर भडकतो हेही माहीत होते. ही माहिती चार वर्षांच्या नळाच्या आणि गटाराच्या बैठकांतून गोळा झाली होती. ती ऐन वेळी मिळवता येत नाही.

मात्र भिवंडीची गोष्ट १९९३ ला थांबवू नये अशी माझी विनंती आहे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तेथे हिंसाचार झाला आणि दोन पोलिसांना ठार मारण्यात आले. अधिकारी बदलत गेले, बैठका विरळ झाल्या आणि शेवटी ज्या पोलिसांनी वस्तीशी नाते जोडले होते त्यांच्याच ठाण्याच्या भिंतीवरून आग लागली. समिती हे एकदा लावले की उगवत राहणारे झाड नाही.

वाटाड्या

मी कृष्णाकाठचा आहे. आमच्याकडे एकाच परिसरात दोन विरुद्ध उदाहरणे आहेत. कुरुंदवाडमध्ये मशिदींत गणपती बसवण्याची परंपरा आहे, तर फार दूर नसलेल्या मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील अफझलखान वधाच्या कमानीवरून दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजीपर्यंत गेले. दोन्हीकडे तीच भाषा, तोच ऊस, तीच नदी. फरक असा की कुरुंदवाडमध्ये उत्सवाची कामे वाटून घेण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे, तर मिरजेत निवडणूक तोंडावर असताना कमानीचा प्रश्न गल्लीच्या हातातून निसटून पक्षांच्या हातात गेला.

एक अलीकडचे उदाहरणही नोंदवतो. २८ सप्टेंबर २०२३ रोजी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा मुंबईतील मुस्लिम संघटनांनी जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचा निर्णय स्वतःहून घेतला आणि सरकारने २९ तारखेची सुट्टी जाहीर केली. राज्यात अनेक ठिकाणी असेच झाले. याची बातमी लहान होते आणि लवकर विसरली जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. ज्या दिवशी काहीच घडले नाही त्या दिवसामागेही कोणीतरी केलेले काम असते.

मंडळांच्या बाबतीत माझे मत असे आहे की अध्यक्षाला समितीत घेऊन फारसा उपयोग नसतो. ढोल-ताशा पथकातला, डीजेच्या गाडीमागे चालणारा, वर्गणी गोळा करणारा वीस-बावीस वर्षांचा कार्यकर्ता हवा. मिरवणूक मशिदीसमोर किती वेळ थांबेल हे प्रत्यक्षात तोच ठरवतो.

सावली

मी अनेक वर्षे कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींवर काम करते. वरील लेखन मनापासून आवडले, पण 'नवरा-बायकोचे भांडण' हे शब्द नळ आणि गटाराच्या रांगेत आलेले पाहून थांबावेसे वाटले.

१५ ऑगस्ट २००७ रोजी तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेत समिती निवडायची, गावातले तंटे गावातच सामोपचाराने मिटवायचे आणि चांगले काम करणाऱ्या गावाला लोकसंख्येनुसार लाखांमध्ये बक्षीस द्यायचे, अशी ती रचना होती. बांधाचे, वाटणीचे, पाण्याच्या पाटाचे असंख्य वाद तिने मिटवले. बांधावरून सुरू झालेला वाद कुऱ्हाडीपर्यंत जातो हे आपण सर्व जाणतो, त्यामुळे हे काम मी कमी लेखत नाही. कित्येक समित्यांनी आंतरजातीय विवाहांच्या पाठीशीही उभे राहून दाखवले. पण बक्षीस मिटलेल्या तंट्यांवर ठरू लागले की मिटवण्याची घाई होते आणि त्या घाईत जो दुबळा असतो त्याला समजावणे सोपे पडते. बायको माराची तक्रार घेऊन आली की 'लेकरांकडे बघ' असे सांगून तिला परत पाठवले जाते आणि वहीत एक तंटा मिटल्याची नोंद होते. मी अशा बायका पाहिल्या आहेत ज्यांच्या तडजोडीच्या कागदावर गावातील पाच प्रतिष्ठितांच्या सह्या होत्या आणि पाठीवर त्यानंतरचे वळ होते. दलित कुटुंबावरच्या अत्याचाराचेही तेच. अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा तडजोडीने मिटवण्याजोगा नाही, तरीही 'गावाचे नाव जाईल' या एका वाक्यावर तक्रारी मागे घ्यायला लावल्या जातात.

दोन शेजारी बरोबरीचे असतील तर मध्यस्थी करावी. एकाच्या हातात दुसऱ्याचे अन्न, छप्पर किंवा मजुरी असेल तर मध्यस्थी करू नये. पीडित व्यक्तीच्या बाजूने उभे राहावे. ही रेघ समितीच्या पहिल्याच बैठकीत आखली पाहिजे. नाहीतर समिती दंगल टाळेल आणि घराघरातली मारहाण झाकून ठेवेल.

यासाठी आपल्याकडे चांगले पायंडे आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे समाजकार्यकर्ती पोलीस ठाण्याच्या आवारात बसते, पण ती पोलीस नसते आणि बाईला काय हवे हे आधी विचारते. पुढे हे कक्ष राज्यभर पसरले. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातील दिलासा केंद्र हेही असेच: जखम घेऊन आलेल्या बाईला जखमेचे कारण विचारण्याची सवय तेथील डॉक्टर आणि परिचारिकांना लावण्यात आली. आपल्या समितीने स्वतः निवाडा न करता तिला या ठिकाणांपर्यंत सोबत करणे हेच पुरेसे मोठे काम आहे.

नदीकाठ

सावलीताई, आपला आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. आम्ही केलेल्या मसुद्यात 'सर्व प्रकारचे तंटे' असा शब्दप्रयोग आहे. तो काढून मध्यस्थीचे विषय नावानिशी लिहावेत आणि घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार व जातीय अत्याचार यांत समितीने तडजोडीचा शब्दही काढू नये, अशी तरतूद आम्ही करू. धोटा यांनी सांगितलेल्या प्रसंगातील 'तक्रार द्यायची असल्यास घेतली जाईल' हे वाक्यही मसुद्यात असावे असे वाटते.

पालावरून

मी भटक्या समाजातला आहे. आमच्या लोकांच्या दृष्टीने हा विषय वेगळ्या बाजूने मांडावा लागतो, कारण वर जो 'मोहल्ला' म्हटला आहे त्यात आम्ही कधीच नसतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून पोटासाठी भिक्षा मागत आले होते. बाजाराचा दिवस होता आणि मोबाइलवरचा खोटा संदेश त्याआधीच गावोगाव फिरला होता. त्यांना ओढत नेऊन मारले ते ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. त्या गावातील माणसे एकमेकांना नक्कीच ओळखत होती. एकोपा होता म्हणूनच जमाव इतक्या लवकर जमला, असेही म्हणता येईल. तेव्हा फक्त आपापसात ओळख असणे पुरत नाही. जो बाहेरचा आहे त्याचे काय करायचे हे गावाने आधी ठरवलेले असावे लागते.

माझी सूचना साधी आहे. पाल पडले की समितीतील दोघांनी, त्यात एक बाई असावी, पालावर येऊन चौकशी करावी, नावे विचारावीत, कुठून आलात, किती दिवस आहात ते विचारावे आणि आपली नावे व फोन क्रमांक आम्हाला द्यावेत. पोलीस पाटलाकडे नोंद आम्ही देतोच, पण ती नोंद वहीत राहते आणि संशय चौकात फिरतो. गावातील दोन ओळखीच्या माणसांनी 'हे काल आले आहेत, आम्ही बोललो आहोत' एवढे जमावासमोर म्हटले तरी हात थांबतात. मी स्वतः असे थांबलेले हात पाहिले आहेत.

खाडीपूल

मुंबईविषयी थोडे लिहितो. १९९२-९३ च्या दंगलीत सुमारे ९०० माणसे मेली आणि त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनी २५७ बळी घेतले. पोलिसांवरचा, विशेषतः मुस्लिम वस्त्यांचा, विश्वास पार उडालेला होता. अशा वेळी, १९९४ मध्ये, आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या प्रयत्नांतून मुंबईत मोहल्ला कमिटीची चळवळ सुरू झाली. भिवंडीत समित्या दंगलीच्या आधी होत्या. मुंबईत त्या राखेतून उभ्या कराव्या लागल्या, म्हणून सुरुवातीचे काम नुसते ऐकण्याचे होते. पोलीस अधिकारी वस्तीत जाऊन शिव्या ऐकत बसत. पुढे वस्तीतली मुले आणि पोलीस यांचे क्रिकेटचे सामने सुरू झाले. आज काहींना ते वरवरचे वाटेल, पण ज्या मुलाने हवालदाराला एकदा त्रिफळाचित केले आहे तो त्याच्याशी बोलायला घाबरत नाही.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान या दोन मित्रांनी वर्षानुवर्षे हे काम केले. वकार खान यांनी चार धर्मांच्या वेशातील मुलांचे 'हम सब एक हैं' असे पोस्टर काढले आणि ते मुंबईभर पोहोचले. मला त्यांच्याकडून एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: दोघे जोडीने हिंडत. हिंदू वस्तीत एकटा हिंदू आणि मुस्लिम वस्तीत एकटा मुस्लिम अशी कामाची वाटणी त्यांनी केली नाही. दोघे एकत्र दारात उभे राहिले की अर्धे बोलणे आधीच झालेले असते.

साक्षीदार

मला थोडा कठोर मुद्दा मांडायचा आहे. शांततेच्या कामाचे कौतुक करताना न्याय मागे पडतो. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला, काही पोलिसांच्या वर्तनावर नावानिशी ठपका ठेवला, आणि त्यानंतर किती जणांना शिक्षा झाली हे आपण पाहिले आहे. ज्याचे दुकान जाळले, ज्याचा भाऊ मारला, त्याला समितीच्या सतरंजीवर बसवून 'झाले गेले विसरा' म्हणणे हा त्याच्यावरचा दुसरा अन्याय आहे. शिवाय पोलीसच समितीचे निमंत्रक असतील तर पोलिसांविरुद्धची तक्रार समितीत कोण आणि कशी मांडणार? नदीकाठ यांच्या मसुद्यात याचे उत्तर दिसत नाही.

धोटा

साक्षीदार, आपले म्हणणे खरे आहे आणि भिवंडीच्या रचनेतली ही उणीव होती. सगळे एका चांगल्या अधिकाऱ्यावर अवलंबून राहिले. तो गेला की हात लुळे पडले. मला वाटते निमंत्रक नागरिक असावा, पोलिसाने सदस्य म्हणून यावे आणि बैठकीचा वृत्तान्त वस्तीतच, उघड्या वहीत राहावा. पोलिसांविरुद्धची तक्रार समितीने लेखी करून वरिष्ठांकडे पोहोचवावी आणि तिचे काय झाले हे पुढच्या बैठकीत वाचून दाखवावे. गुन्हा दाखल करायला मदत करणे, साक्षीदाराला न्यायालयाच्या तारखेला सोबत करणे, नुकसानभरपाईचे अर्ज भरून देणे हीसुद्धा समितीचीच कामे मानली पाहिजेत. ज्या माणसासाठी समिती तारखेला कोर्टात उभी राहते, तो पुढच्या वेळी समितीच्या शब्दाखातर आपल्या मुलाला घरात थांबवतो.

अफवेविषयीच्या मूळ प्रश्नावर: संदेश कुठूनही येवो, जमाव चौकातच जमतो आणि त्यात सामील व्हायचे की नाही हे मुलगा आजूबाजूच्या तोंडांकडे पाहून ठरवतो. त्यामुळे गल्लीतली ओळख आजही कामाची आहे. फक्त वेळ कमी मिळतो. आमच्या वेळी अफवा पोहोचायला दिवस लागे, आता काही मिनिटे लागतात, म्हणून प्रत्येक गल्लीत रात्री-अपरात्री फोन उचलतील अशी दोन माणसे आधीच ठरलेली हवीत आणि खोटा संदेश खोडून काढणारा आवाज लेखी नसावा, ओळखीच्या माणसाच्या आवाजातला असावा.

नदीकाठ

सर्वांचे आभार. आम्ही ठाण्याला कळवले आहे की आम्ही दिलेल्या यादीत पुढारी नसतील, पण पालावरून यांनी सुचवलेल्या जोड्या असतील, दोन आशाताई असतील, नळपाणी योजनेचा पंप चालवणारा असेल आणि दोन्ही बाजूंच्या मिरवणुकीतले कार्यकर्ते असतील. निरीक्षकांनी निमंत्रक नागरिक असण्याला हरकत घेतलेली नाही. यादीतील काही नावांची पार्श्वभूमी तपासण्याचा आग्रह मात्र धरला आहे आणि तो आम्ही मान्य केला. पहिली बैठक शाळेच्या पडवीत आहे आणि विषय बाजारपेठेतील रस्त्यावर दुकानदारांनी वाढवलेल्या ओट्यांचा आहे, कारण येत्या मिरवणुकीचा मार्ग तेथूनच अरुंद होतो आणि ते ओटे दोन्ही समाजांच्या दुकानांचे आहेत. सावलीताई, मध्यस्थी न करण्याच्या विषयांचा परिच्छेद आपण तपासून दिलात तर तो बैठकीच्या आधी छापून घेता येईल.

सावली

अवश्य पाठवा. त्यात एक ओळ माझ्याकडून घालावी: तक्रार घेऊन आलेल्या बाईशी समितीतील बाईनेच, नातेवाईक समोर नसताना, आधी बोलावे. आणि बैठकीची वेळ संध्याकाळी सातची असेल तर ती बदला. त्या वेळी बायका चुलीपाशी असतात आणि तुमच्या यादीतल्या आशाताईही येऊ शकणार नाहीत.